वारुळाचे कान

चष्म्याच्या दुकानाच्या मालकांना सगळी बाजारपेठ दुर्बीणराव म्हणायची. तोंडावर म्हणायची आणि त्यांना ते आवडायचंही. गिऱ्हाइकाच्या नाकावर फ्रेम बसवली की ते दोन पावलं मागे सरकायचे, मान तिरकी करायचे आणि म्हणायचे, "ढोलीतलं घुबड मी चालत्या जीपमधून हेरतो, तुमची फ्रेम वाकडी बसलेली मला कळणार नाही होय?" गिऱ्हाईक मान डोलवायचं. फ्रेम मात्र पुष्कळदा वाकडीच बसलेली असायची आणि घरी गेल्यावर गिऱ्हाइकाच्या घरचं कुणीतरी ती सरळ करायचं.

एक गोष्ट आधीच सांगून टाकलेली बरी. दुर्बीणरावांनी जंगलात जाऊन आजवर काहीही पाहिलं नव्हतं. रस्त्यात आडवी येणारी माकडं आणि हरणं सोडा, ती सगळ्यांनाच दिसतात. पण ज्याच्यासाठी लोक पहाटे उठून, कुडकुडत, तिकीट काढून जीपमध्ये बसतात, ते झाडीत दडलेलं जनावर त्यांना एकदाही दिसलं नव्हतं. अभयारण्यं झाली, राष्ट्रीय उद्यानं झाली, मचाणावर बसून झालं, तळ्याकाठी ताटकळून झालं. गळ्यात भलीमोठी दुर्बीण असायची. तिच्यातून त्यांना फक्त स्वतःच्या पापण्या दिसायच्या.

सुरुवात झाली ती लग्नानंतरच्या पहिल्याच सहलीत. जंगलात जायची हौस बायकोची. तिची नजर अशी, की बस धडधडत चाललेली असतानाही ती म्हणायची, "अहो, ते बघा घुबड. त्या वाळक्या झाडाच्या ढोलीत." दुर्बीणरावांनी पाहिलं. झाडंच झाडं होती आणि त्यांतली निम्मी वाळकी होती.

"दिसलं?"

"नाही."

"अहो, माझ्या बोटाच्या सरळ रेषेत बघा. आता दिसलं?"

"नाही गं."

तोवर बसमधले सगळे मागे वळले होते. सगळ्यांना घुबड दिसलं होतं. मागच्या बाकावरचा कुणीतरी म्हणाला, "हे चष्म्याचं दुकान काढणारेत म्हणे," आणि बसमध्ये खसखस पिकली. नवी बायको शेजारी, नवं दुकान उघडायचं राहिलेलं, आणि सगळी बस दात काढतेय. दुर्बीणरावांच्या कानाच्या पाळ्या तापल्या. ते एकदम ओरडले, "हां! हां! दिसलं की! एक डोळा मिटून बसलंय!"

आता घुबड दिवसा डोळे मिटूनच बसतं, एखादा किलकिला ठेवतं, त्यात विशेष ते काय. पण बसबरोबरच्या माणसाने दुर्बीण लावून खात्री केली आणि म्हणाला, "काय नजर आहे साहेबांची!" बसमध्ये टाळ्या पडल्या. बायकोने त्यांच्याकडे अशा कौतुकाने पाहिलं की खरं बोलायची वेळ तिथेच निघून गेली.

मग ती विद्याच होऊन बसली. "दिसला" एवढंच म्हणून भागत नाही, सोबत काहीतरी बारकावा जोडावा लागतो, हे त्यांनी पहिल्याच सहलीत ओळखलं. "कान हलतायत" हे कुठल्याही जनावराला चालतं. "शेपटीचं टोक तेवढं दिसतंय" हेही चालतं. आणि अगदीच काही सुचलं नाही, तर "पाठ आपल्याकडे आहे." पाठीला कुणाची हरकत नसते. शेजारच्या न्हाव्याने हे पराक्रम कात्री चालवता चालवता साऱ्या गावाला ऐकवले, दुर्बीणराव हे नाव ठेवलं, आणि दुकानाला कधी पाटी रंगवायचीही गरज पडली नाही. जंगलात बिबट्या हेरणाऱ्या माणसाकडूनच चष्मा घ्यावा, असं लोकांना वाटायचं. दुर्बीणरावही भिंतीवरच्या बिबट्याच्या फोटोकडे बघत गालात हसायचे. फोटो कॅलेंडरचा होता, खालचे महिने कापून टाकलेले होते.

बायको घराच्या पुढच्या खोलीत शिवणकाम करायची. शाळेचे गणवेश, पडदे, उशांचे अभ्रे. तिच्या हातच्या शिवणीला गावात तोड नव्हती. म्हणूनच एकदा पांढऱ्या शर्टाची एक बाही निळ्या दोऱ्याने शिवलेली निघाली तेव्हा शर्टवाल्या बाईंना ती नवीन फॅशनच वाटली. पुढे पुढे सुई ओवायला ती नवऱ्याच्या हातात देऊ लागली. "हात कापतो हो हल्ली," म्हणायची. मग एका सकाळी तिने खुंटीवरच्या छत्रीला "शुक शुक, उतर खाली, निर्लज्ज मेली" म्हणून हाकललं. मांजर त्या वेळी दुर्बीणरावांच्या मांडीवर बसलं होतं.

माणूस थापाड्या असला तरी आपल्या धंद्यातलं इतकं त्याला कळत होतं. "अगं, एकदा दुकानात ये, डोळे बघू," ते म्हणाले.

"माझे डोळे?" बायको हसली. "गेल्या खेपेला तो झुडपामागचा बिबट्या कुणी दाखवला तुम्हाला? मीच ना? आणि शेपटीचं टोक पांढरं आहे म्हणून तुम्हीच सांगितलंत. बिबट्या दिसतो त्या बाईचे डोळे तपासायचेत म्हणे!"

तिने दाखवलेल्या झुडपामागे बिबट्या होता की नव्हता, हे दुर्बीणरावांना ठाऊकच नव्हतं! असेल, तर तिचे डोळे धड होते. नसेल, तर तिला कधीपासून दिसत नव्हतं कोण जाणे. आणि हे ज्याला सांगता आलं असतं तो एकटा साक्षीदार, म्हणजे ते स्वतः, शेपटीचं टोक वर्णन करून मोकळा झाला होता. आता खरं सांगावं तर दुकानाची अब्रू जाणार आणि बायकोच्या नजरेतून उतरणार ते वेगळंच. न सांगावं तर तिची नजर जाणार. पुढच्या सहलीत ती बोट दाखवेल तेव्हा आपण नीट बघायचं, आणि नसेल दिसत तर "नाही" म्हणायचं, असं त्यांनी मनाशी घट्ट ठरवलं.

त्या सहलीला नेमका न्हावी बरोबर निघाला. "इतकी वर्षं नुसतं सांगतोय, एकदा डोळ्यांनी बघू दे की," म्हणाला. नाही म्हणायला तोंड नव्हतं.

पहाटेची जीप. पुढे जीपवाला. तोच गाडी हाकायचा आणि तोच जनावरं दाखवायचा. दुर्बीणरावांना तो फार वर्षं ओळखत होता. "आज साहेब गाडीत आहेत, मला काही कामच नाही," म्हणून तो निवांत बसला होता. मागे दुर्बीणराव, बायको आणि न्हावी. बराच वेळ काही दिसलं नाही. मग एका माळाशी बायकोने दुर्बीणरावांचं मनगट पकडलं.

"अहो! तो बघा! गवतात बसलाय. बिबट्या."

जीप थांबली. गवतात तपकिरी, उंचवट्यासारखं काहीतरी होतं. दुर्बीणरावांनी डोळे ताणले. डोकं असेल? असेलही. पाठ? तीही असेल. त्यांना काही उमजेना. "ना..." असं त्यांच्या तोंडात आलं होतं. पण न्हाव्याने श्वास रोखला होता, जीपवाला आदराने मागे वळला होता आणि बायकोची बोटं मनगटावर घट्ट रुतली होती. ती विचारत होती, "दिसला ना हो?" आणि त्या आवाजात काहीतरी वेगळं होतं. आर्जव होतं.

"दिसला," दुर्बीणराव म्हणाले. जित्याची खोड. "कान हलतायत."

तिची बोटं सैल झाली.

मग काय विचारता! जीपवाल्यालाही कान हलताना दिसले, साहेब म्हणतायत म्हटल्यावर न दिसून करतो काय. न्हाव्याला तर मिशाही दिसल्या. मागून दुसरी जीप आली, तिसरी आली. "कुठाय, कुठाय?" "तो काय, गवतात. कान बघा." मोबाईल निघाले, आया पोरांना उचलून दाखवू लागल्या. एक आजोबा म्हणाले की मादी आहे, बसण्यावरून कळतं. सगळा माळ श्वास रोखून उभा होता. दुर्बीणरावांनाही आता वाटायला लागलं होतं की कान खरंच हलतायत.

तेवढ्यात गवतातून एक मुंगूस बाहेर आलं. आलं ते सरळ बिबट्याच्या अंगावर चढलं. डोक्यावर गेलं, मागच्या दोन पायांवर उभं राहिलं, इकडे तिकडे पाहिलं आणि बसून पोट खाजवू लागलं. बिबट्याने हूं की चूं केलं नाही.

जीपवाला हळूच म्हणाला, "साहेब... वारूळ आहे हो ते."

पहिल्यांदा मागच्या जीपमधली एक बाई हसली, मग सगळेच. आजोबा तेवढे म्हणत होते, आपण सुरुवातीलाच शंका घेतली होती. दुर्बीणरावही कसनुसं हसणार, इतक्यात बायको त्यांच्या कानाशी म्हणाली, "हसताय काय सगळे? काय झालं?"

"मुंगूस चढलंय ना त्याच्यावर."

"कुठे मुंगूस?"

मुंगूस डोळ्यांसमोर होतं. चांगलं गलेलठ्ठ होतं. ते चक्क दुर्बीणरावांनासुद्धा दिसत होतं.

जीपवाला भला माणूस. त्याने पडती बाजू सावरून धरली. "साहेबांनी बघितला तेव्हा होता हो बिबट्या. मागच्या बाजूने सटकला असणार. काय साहेब?" न्हावी आशेने मान हलवू लागला. बायकोही म्हणाली, "तेच तर! मी काय आंधळी आहे? तुम्ही नाही का कान बघितलेत?" फक्त "हो" म्हणायचं होतं. त्या एका शब्दात दुकान वाचलं असतं, नाव वाचलं असतं, आणि बायको तशीच आनंदात घरी जाऊन खुंटीवरच्या छत्र्या हाकलत बसली असती.

दुर्बीणराव जीपमध्ये उभे राहिले. "बिबट्या नव्हता," ते म्हणाले. पहिल्यांदा कुणाला ऐकू गेलं नाही, म्हणून पुन्हा म्हणाले, आणि या खेपेला आवाज तिसऱ्या जीपपर्यंत गेला. "बिबट्या नव्हता. मी काही बघितलं नाही. मला कधीच काही दिसलेलं नाही."

न्हाव्याचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. "म्हणजे ते घुबड?"

"नाही."

"आणि रानडुकराची पिल्लं?"

"नाही रे."

"अहो, पिल्लं किती होती ते तुम्ही मला सांगितलं होतं!"

"अंदाजाने," दुर्बीणराव म्हणाले आणि खाली बसले.

जीप परत फिरली आणि दोघं विश्रामगृहाच्या व्हरांड्यात येऊन बसली. तिथे चहाचा कप हातात घेऊन बायको समोरच्या झाडांकडे बघत राहिली. तिला झाडं दिसत होती की नुसता हिरवा रंग, हे विचारायची दुर्बीणरावांची छाती झाली नाही.

"मला कळत होतं," शेवटी ती म्हणाली. "धुरकट दिसायचं. सुई दिसायची नाही. भीती वाटायची हो. शिवण गेली तर मी करू काय दिवसभर? मग जंगलात आले की मी अंदाजाने बोट दाखवायचे. तुम्ही दिसला म्हणायचात, वर कान, शेपटी सांगायचात, आणि माझा जीव भांड्यात पडायचा. म्हटलं, मला दिसतंय अजून."

दुर्बीणरावांना धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. इतकी वर्षं आपण थापा मारल्या, त्या लोकांना मारल्या असं त्यांना वाटत होतं. त्या थापेवर ही बाई आपले डोळे तपासत होती. "चुकलो मी," ते म्हणाले.

"चुकलातच," ती म्हणाली. "आणि चहात साखर नाही. की हेही मला दिसलं नाही म्हणता?"

परतल्यावर डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी तिच्या डोळ्यांत बॅटरी मारून पाहिलं आणि त्या दुर्बीणरावांकडे वळल्या. "दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. चांगला पिकलाय. घरात चष्मेवाला असून इतके दिवस काय करत होतात?" काय करत होतो ते सांगण्यासारखं नव्हतं. सुदैवाने नजर परत येईल असं बाई म्हणाल्या, तेव्हा दुर्बीणरावांनी भरल्या दवाखान्यात डोळे पुसले.

शस्त्रक्रिया झाल्या, आधी एका डोळ्याची, मग दुसऱ्याची. पट्टी निघाली आणि घराला घोर लागला. तिला कोळ्यांची जाळी दिसली, गॅसमागचा काळा थर दिसला, निळ्या दोऱ्याची बाही आठवून ती कपाळावर हात मारून घेऊ लागली. घर धुऊन झाल्यावर मोर्चा दुकानाकडे वळला. भिंतीवरचा बिबट्या तिने नाक लावून पाहिला. "हे कॅलेंडर आहे," म्हणाली आणि खाली उतरवलं. मग गिऱ्हाइकाच्या स्टुलाकडे बोट केलं.

"बसा. आज तुमचे डोळे बघायचेत."

"माझे? मला शेवटची ओळसुद्धा..." आणि दुर्बीणरावांनी समोरचा अक्षरांचा तक्ता वरपासून खालपर्यंत घडाघडा वाचला. कुठे अडखळले नाहीत.

"आता डोळे मिटून वाचा."

दुर्बीणरावांनी डोळे मिटूनही वाचला. तितक्याच घडाघडा. खालच्या ओळीच्या मध्यावर त्यांचं त्यांनाच लक्षात आलं आणि ते थांबले. दुकान उघडल्यापासून तोच तक्ता होता, रोज कुणी ना कुणी त्यांच्यासमोर तो वाचत होतं. पाठ नसता झाला तरच नवल. स्वतःचा नंबर त्यांनी त्याच तक्त्यावर दरसाल तपासला होता आणि दरसाल तो उत्तम निघाला होता.

बायकोने तक्ता उलटा टांगला. मागच्या कोऱ्या बाजूवर तिने कापड आखायच्या खडूने मोठी-लहान अक्षरं, आकडे काढले आणि ती बाजूला झाली. दुर्बीणरावांनी डोळे ताणले. "प?"

"पाच आहे तो."

"त्याच्या खाली... क?"

"खाली काही लिहिलेलं नाही. डाग आहे." हसता हसता तिला खुर्चीत बसावं लागलं. वारुळानंतर ती पहिल्यांदाच त्यांच्याशी हसली होती. दुर्बीणरावांना आपला नंबर चुकल्याचं काही वाटेना, ते नुसते तिच्याकडे बघत राहिले.

न्हाव्याने गावभर बोभाटा केलाच. आता लोक त्यांना वारूळराव म्हणू लागले. गिऱ्हाईक तुटेल म्हणून ते धास्तावले होते. पण लोक येत, मुंगूस नेमकं कुठे खाजवत होतं ते विचारत, खो खो हसत आणि जाताना चष्मा घेऊन जात. दुर्बीणरावांच्या नाकावर आता स्वतःचाच चष्मा होता, त्यामुळे फ्रेमही सरळ बसू लागल्या होत्या.

पुढच्या हंगामात बायकोनेच विषय काढला. दुर्बीणराव तयार नव्हते, पण तिने जीप ठरवून टाकली होती. जीपवाला तोच. या खेपेला तो निवांत नव्हता, साहेब असले तरी काम आपल्यालाच आहे हे त्याला कळून चुकलं होतं. जीपमध्ये आणखी चार-पाच जण होते.

ओढ्याच्या वळणावर जीपवाल्याने हात वर केला. सगळे कुजबुजले. बायकोने क्षणभर पाहिलं आणि तिचा चेहरा उजळला. मग तिने नवऱ्याकडे पाहिलं.

"झाडावर आहे. आडव्या फांदीवर. दिसला?"

दुर्बीणरावांच्या ओठांवर कान आले, शेपटीचं टोक आलं, आपल्याकडे केलेली पाठसुद्धा आली. ती सगळी त्यांनी गिळली. "नाही," ते म्हणाले.

"अहो, ते काय समोर!" मागचे एक गृहस्थ म्हणाले. "खोडाच्या उजवीकडे."

"नाही."

"पाय लोंबतोय खाली," पुढच्या बाई म्हणाल्या. "आता दिसला?"

"नाही हो."

सगळी जीप कामाला लागली. कुणी डावीकडे म्हणे, कुणी त्या पिवळ्या पानाच्या वर. मागच्या गृहस्थांनी तर त्यांच्या खांद्यावरून हात पुढे घालून दाखवलं. जुनी बस, जुनं हसू दुर्बीणरावांना आठवलं, कानाच्या पाळ्या तापल्या, तरी ते "नाही, नाही" म्हणतच राहिले. "राहू दे, त्यांच्याने नाही व्हायचं," कुणीतरी वैतागून म्हणालं. बायकोने मात्र घाई केली नाही. तिने दोन्ही हातांनी त्यांची हनुवटी धरली, शिंप्याने कापड सरळ करावं तशी हलक्या हाताने वळवली, थोडी वर उचलली, आणि बोलायची थांबली.

फांदी होती. पानं होती. पानांची सावली होती. मग त्यातली एक सावली हळूच फुगली आणि खाली बसली. पुन्हा फुगली, पुन्हा खाली बसली. सावली श्वास घेत होती! आणि एकदम ठिपके ठिपक्यांच्या जागी आले, लोंबणारा पाय पाय झाला, पंजा पंजा झाला, आणि पानांमधून दोन डोळे थेट दुर्बीणरावांकडे बघत असलेले निघाले. कधीपासून बघत होते कोण जाणे.

"दिसला का हो?" बायकोने विचारलं.

दुर्बीणराव फांदीकडेच बघत राहिले.

"दिसला?"

त्यांनी तोंड उघडलं, पण शब्द आला नाही. कान हलतायत का, शेपटी कुठे आहे, काही म्हणजे काही सांगायचं सुचलं नाही. त्यांनी फक्त चाचपडत तिचा हात शोधला आणि घट्ट धरला. चष्म्याच्या काचा आतून धूसर व्हायला लागल्या होत्या, पण त्या पुसायला नजर काढायची त्यांची तयारी नव्हती.

जीपवाल्याने वाट पाहिली, मान हलवली आणि किल्लीला हात घातला. "नाही दिसत साहेबांना. पुढे जाऊ या का?"

"थांबा," बायको म्हणाली. "दिसलाय त्यांना."